दोन अंशांची पाचर

साठ मैलांच्या आत गाडी शहाणी असते.
बासष्ट गाठलं की
सीटखालून एक गुणगुण वर चढते,
आरशातला मागचा रस्ता विस्कटतो
आणि माझ्या दाढेतली चांदी वाजू लागते.
बेचाळीस वर्षं हेच.
वॉटी म्हणायचा, "जुनी सनबीम आहे, एफी, थरथरणारच.
तुझी आई नव्हती थरथरत?"

वॉटीला जाऊन हा दुसरा हिवाळा.
कर्कॅल्डीच्या लिनोलियम कारखान्यात मी
सदतीस वर्षं जाडी मोजली,
केसभर फरकही बोटाला कळायचा.
या गाडीला मात्र कधी हात लावला नाही.
त्याचं गॅरेज, त्याचा रेडिओ,
बाकावर त्याच्या कपाचं गोल वळ.

आज समुद्राकडून धुकं आलंय.
शेजारची झूझा दप्तर टाकून मदतीला आलीय.
चारी चाकं रॅम्पवर टेकवली,
कारण हवेत लोंबकळणारी गाडी खोटं बोलते;
मोजायचं तर अंगावर ओझं हवं.
अर्धी टाकी पेट्रोल.
चालकाच्या सीटवर माझ्या वजनाचे बटाटे,
दोन पोती आणि वर एक इस्त्री.
झूझा शेजारची सीट दाखवते, "इथे?"

मी ऐकलंच नाही.

पाठीवर सरकत खाली जाते.
गिअरबॉक्सच्या शेपटीला कोनमापक: तीन अंश, मागे उतरता.
शाफ्टला: पाच.
डिफरन्शियलच्या नाकाला लावते
तर बुडबुडा भलतीकडेच पळतो.
एक अंश. उलटा.
पुसून लावते. फिरवून लावते.
बुडबुडा आपला हट्ट सोडत नाही.

झूझा भिंतीवर खडूने लिहिते:
पुढच्या सांध्यात दोन, मागच्यात सहा.
"सारखे हवेत ना?"
सारखे हवेत. पुढचा सांधा फिरताना अडखळतो,
मागच्याने तेवढंच उलटं अडखळायचं,
म्हणजे चाकांपर्यंत बातमी जात नाही.
"मग दोन्हीकडे शून्यच करून टाकू."
शून्य नको, पोरी.
शून्यात सांध्यातल्या सुया हलत नाहीत,
बसल्या जागी खळगे पाडतात.
हे मी परवाच वाचलं, रात्री, अंथरुणात.
दिवा मालवला, पण झोप काही आली नाही.

मग स्प्रिंगवर, धुऱ्याच्या बुडाशी,
ग्रीसच्या काळ्या सायीखाली
नखाला एक कड लागली.
पाचर.
अ‍ॅल्युमिनियमची, दोन अंशांची, कानशीने घासलेली,
कोपरे गोल केलेले, कुणाला लागू नयेत म्हणून.
हे त्याचंच काम.
जाड बाजू मागे.
जाड बाजू पुढे हवी होती.

मी गाडीखाली इतकी हसले
की झूझा घाबरून वाकली.
म्हणजे त्यालाही कळत होती ती थरथर!
कुठल्याशा रविवारी, मी चर्चमध्ये असताना,
इथे पालथा-उताणा होत त्याने हे बसवलं,
फेरी मारून आला,
थरथर वाढलेली पाहिली
आणि सगळं माझ्या आईवर ढकलून मोकळा झाला.

दुसऱ्या बाजूची पाचरही उलटीच.
चुकला, पण दोन्हीकडे सारखा चुकला.

गंजलेले बोल्ट सैल व्हायला संध्याकाळ गेली.
पाचरी काढल्या, फडक्याने पुसल्या,
फिरवल्या, बसवल्या.
मोजलं. पुढे दोन. मागे दोन.
झूझाने खडूने सहाचा आकडा खोडला.

मग मी म्हटलं, त्या सीटवरही ठेव गं.
"किती?"
ब्याण्णव किलो.
"एवढे बटाटे कुठायत?"
मग तूच बस, आणि मांडीवर ती पान्यांची पेटी घे.
बुडबुडा थोडा सरकला,
पाव अंशही नाही.
चालतं, मी म्हणाले, आणि बोल्ट आवळले.

रविवारी लेव्हनच्या रस्त्यावर बासष्ट.
मग पासष्ट. आरशात मागचा रस्ता
इस्त्री केल्यासारखा.
दाराच्या आत मात्र काहीतरी बारीक खुळखुळतंय,
इतकी वर्षं ऐकूच आलं नव्हतं.
स्क्रू असेल. किंवा त्याचं एखादं नाणं.
ते उद्या बघू.